ज्ञानाच्या नावाने चालणाऱ्या वाहिन्या आणि प्राथमिक शिक्षक
(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत झालेले भाषण)



वर्गात एखाद्या मुलाने काही नवे सांगितले आणि "हे तुला कोठून कळले?" असे शिक्षकाने विचारले, तर पूर्वी बहुधा दोनच उत्तरे मिळत. "घरी सांगितले" हे एक, आणि "पुस्तकात आहे" हे दुसरे. आता "टीव्हीवर दाखवले" हे तिसरे उत्तर सर्रास ऐकू येते. त्यातही ज्या वाहिनीवर ते दाखवले ती प्राण्यांची, इतिहासाची वा विज्ञानाची म्हणून प्रसिद्ध असली म्हणजे मूल निःशंक होते, आणि पुष्कळदा त्याचे पालकही निःशंक होतात. मालिका म्हणजे कल्पित कथा आणि ज्ञानाची वाहिनी म्हणजे सत्य, अशी सोयीची विभागणी लोकांच्या मनात झालेली असते. ही विभागणी कितपत खरी राहिली आहे, ती बिघडली असल्यास कशामुळे बिघडली आणि ह्या बाबतीत खेड्यातील प्राथमिक शिक्षकाचे कर्तव्य कोणते, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

ह्या विषयाचे मूळ पाहावयाचे तर प्रथम अमेरिकेकडे वळले पाहिजे. कारण ज्ञानाला वाहिलेल्या वाहिन्यांचा मोठा उदय तेथे झाला आणि त्यांची घसरणही तेथेच ठळकपणे दिसून आली. अमेरिकेच्या पूर्व भागात ॲपलेशियन नावाची डोंगररांग आहे. कोळशाच्या खाणींचा हा मुलूख दीर्घकाळ दारिद्र्यात राहिला. वस्त्या दऱ्याखोऱ्यांत विखुरलेल्या, रस्ते अवघड आणि विद्यापीठे दूर. त्यामुळे नोकरीत असलेल्या शिक्षकांना पुढील प्रशिक्षण मिळणे दुरापास्त होते. ही अडचण दूर करण्यासाठी त्या देशाचे आरोग्य, शिक्षण व कल्याण खाते आणि नासा ही अंतराळसंस्था ह्यांनी १९७२ च्या सुमारास एक योजना हाती घेतली. ३० मे १९७४ रोजी 'ए. टी. एस.-६' हा उपग्रह अंतराळात सोडण्यात आला आणि त्याच्या साहाय्याने डोंगराळ भागातील शिक्षकांसाठी पाठ प्रक्षेपित होऊ लागले. ह्या कामाची जुळणी केंटकी विद्यापीठातून होत असे. प्राथमिक वर्गात वाचन कसे शिकवावे, मुलांना निरनिराळ्या व्यवसायांची ओळख कशी करून द्यावी, असे त्या पाठांचे विषय होते. म्हणजे ह्या उपक्रमाचे पहिले विद्यार्थी आडवळणाच्या शाळांतील शिक्षकच होते.

ह्याच उपग्रहाचे भारतातील खेड्यांशीही नाते जडले. १९७५ मध्ये तो पूर्वेकडे सरकवून पूर्व आफ्रिकेवरील आकाशात आणण्यात आला आणि १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ ह्या वर्षात त्याच्यावरून भारतातील सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांसाठी कार्यक्रम प्रक्षेपित झाले. हाच तो 'साइट' ह्या नावाने प्रसिद्ध असलेला प्रयोग. गावातील सार्वजनिक जागी दूरचित्रवाणी संच ठेवलेला असे व त्याच्याजवळ तारेच्या जाळीची मोठी तबकडी उभारलेली असे. सकाळी शाळकरी मुलांसाठी आणि सायंकाळी ग्रामस्थांसाठी शेती, आरोग्य व कुटुंबकल्याण ह्यांवरील कार्यक्रम होत. सुट्टीच्या काळात हजारो प्राथमिक शिक्षकांना ह्याच मार्गाने विज्ञान शिकवण्याचे प्रशिक्षणही देण्यात आले. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता. परंतु मुलांसाठीचे विज्ञानाचे काही कार्यक्रम इस्रोच्या मुंबई येथील चित्रणगृहात तयार झाले होते. दूरचित्रवाणी ही शिक्षकाची सहकारी होऊ शकते, ही श्रद्धा त्या काळी दोन्ही देशांत होती.

अमेरिकेतील त्या शिक्षकोपयोगी योजनेचे पुढे काय झाले हे लक्षपूर्वक पाहण्याजोगे आहे. १९८० मध्ये ती शासनाच्या आश्रयातून बाहेर पडून खाजगी स्वरूपात आली आणि तिला 'द लर्निंग चॅनेल', म्हणजे शिकण्याची वाहिनी, असे नाव मिळाले. १९९१ मध्ये डिस्कव्हरी ह्या कंपनीने ती विकत घेतली. पुढील काही वर्षे तिच्यावर प्राचीन प्राणी, पुरातत्त्व व वैद्यक ह्यांवरील चांगले कार्यक्रम दिसत राहिले. नंतर मात्र वळण बदलले. पूर्ण नाव मागे पडून 'टी. एल. सी.' ही तीन अक्षरेच तेवढी उरली. २००० साली शेजारी एकमेकांच्या घरातील खोल्या सजवतात असा एक कार्यक्रम सुरू झाला व तो अतिशय गाजला. त्यानंतर आठ मुलांच्या एका कुटुंबाचे घरगुती जीवन दाखवणारी मालिका आली. त्या कुटुंबातील पतिपत्नींनी विभक्त होत असल्याचे जून २००९ मध्ये पडद्यावर जाहीर केले, तेव्हा तो भाग १ कोटीहून अधिक लोकांनी पाहिला. २०१२ मध्ये लहान मुलींच्या सौंदर्यस्पर्धांत भाग घेणाऱ्या एका सहा वर्षांच्या मुलीच्या कुटुंबावर मालिका झाली. ज्या उपक्रमाने डोंगरातील शिक्षकांना वाचन शिकवण्याची रीत सांगितली, त्याचाच हा वारस. भारतात ही वाहिनी २०१० पासून ह्याच तीन अक्षरांनी दिसू लागली. त्यांतील मधले अक्षर 'शिकणे' ह्या शब्दाचे आहे, हे येथील किती प्रेक्षकांच्या ध्यानी आले असेल? 'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा' ही म्हण येथे आठवल्यावाचून राहत नाही.

हा एकाच वाहिनीचा दोष असता तर त्याचा एवढा विस्तार करण्याचे कारण नव्हते. डिस्कव्हरी ही वाहिनी जॉन हेंड्रिक्स ह्या गृहस्थांनी १७ जून १९८५ रोजी सुरू केली, तेव्हा ती अमेरिकेतील केवळ १,५६,००० घरांत पोहोचत होती. विज्ञान, निसर्ग व इतिहास ह्यांवरील माहितीपट हेच तिचे भांडवल. भारतात ती १९९५ मध्ये आली आणि पुढे हिंदीसह अन्य भारतीय भाषांतही ऐकू येऊ लागली. अनेक मुलांना समुद्राचा तळ, ध्रुवप्रदेश व ज्वालामुखी ह्यांचे पहिले दर्शन तिनेच घडवले, हे उपकार नाकारता येत नाहीत. १ जानेवारी १९९५ रोजी सुरू झालेली हिस्टरी ही वाहिनी दुसऱ्या महायुद्धावरील माहितीपटांसाठी प्रसिद्ध होती. २००७ मध्ये तिच्यावर बर्फाच्या रस्त्यावरून मालमोटारी नेणाऱ्या चालकांची मालिका आली. २००९ मध्ये लास व्हेगास येथील एका गहाणवटीच्या दुकानातील घासाघीस दाखवणारी मालिका आली. त्याच वर्षी प्राचीन काळी परग्रहावरील प्राणी पृथ्वीवर येऊन गेले असे सुचवणारा 'एन्शंट एलियन्स' हा कार्यक्रम झाला व २०१० पासून त्याची नियमित मालिकाच सुरू झाली.

असे का घडले? मालकांची बुद्धी एकाएकी भ्रष्ट झाली असे उत्तर सोपे असले तरी पुरेसे नाही. ह्यामागे धंद्याचे गणित आहे आणि ते शिक्षकाने समजून घेतले पाहिजे.

खाजगी वाहिनीला उत्पन्नाची मुख्य साधने दोन. केबलच्या वर्गणीतून मिळणारा वाटा हे एक आणि जाहिराती हे दुसरे. जाहिरातीचा दर प्रेक्षकांच्या संख्येवर ठरतो आणि ही संख्या काटेकोरपणे मोजली जाते. किती लोकांनी पाहिले हे मोजता येते. पाहणाऱ्यास काय समजले हे मात्र कोणीही मोजत नाही. जे मोजले जाते त्याच दिशेने काम सरकते, हा नियम शाळेलाही लागू आहे. केवळ पटावरील हजेरी मोजली आणि मुलास वाचता येते की नाही हे पाहिलेच नाही, तर शाळेचे काय होईल हे शिक्षकांस वेगळे सांगावयास नको.

दुसरे कारण खर्चाचे. एखाद्या पक्ष्याचे घरटे चित्रित करावयाचे तर चित्रण करणारी मंडळी आठवडेच्या आठवडे दबा धरून बसतात. तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा लागतो, प्रत्येक विधान पडताळावे लागते आणि एवढे करून तासाभराचा एक माहितीपट हाती येतो. ज्यांना 'रिॲलिटी शो' म्हणतात त्या कार्यक्रमांना एक घर, चार माणसे आणि काही कॅमेरे पुरतात. शिवाय माहितीला शेवट असतो. प्रश्नाचे उत्तर मिळाले की कार्यक्रम संपतो. घरातील भांडणाला शेवट नसतो. आज अर्धवट राहिलेले भांडण पाहण्यास प्रेक्षक पुढच्या आठवड्यास परत येतो. जाहिरातदाराला हवा असतो तो हा परत येणारा प्रेक्षक.

तिसरे कारण घसरणीच्या रीतीचे आहे. कोणतीही वाहिनी एका दिवसात बदलत नाही. इतिहासाच्या वाहिनीवर प्रथम इतिहासाशी थोडासा संबंध असलेला एक हलका कार्यक्रम येतो. गहाणवटीच्या दुकानात जुनी तलवार येते व तिच्याविषयी चार वाक्ये बोलली जातात, म्हणून तोही इतिहासच असे समर्थन होते. तो कार्यक्रम चालला की त्याहून हलका दुसरा येतो. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपासून वीतभरच खाली असते. परंतु दहा वर्षांनी मागे वळून पाहावे तो जिना संपलेला असतो. नाव मात्र बदलत नाही, कारण नावाला किंमत आलेली असते. पहिल्या वर्षांतील प्रामाणिक कामाने जो विश्वास साठला, तोच पुढे खर्ची पडतो.

करमणूक हा काही गुन्हा नव्हे. घराची सजावट किंवा मालमोटारींची शर्यत पाहून कोणाचे मोठे नुकसान होत नाही. खरे नुकसान होते ते करमणुकीने ज्ञानाचा वेष घेतला म्हणजे. त्याची दोन उदाहरणे सर्वश्रुत आहेत. मे २०१२ मध्ये डिस्कव्हरी कंपनीच्याच ॲनिमल प्लॅनेट ह्या वाहिनीवर मत्स्यकन्या सापडल्याचे सांगणारा कार्यक्रम माहितीपटाच्या धाटणीने दाखवला गेला. त्यातील शास्त्रज्ञ हे नट होते व पुरावे बनावट होते. लोकांच्या विचारणा येऊ लागल्या, तेव्हा अमेरिकेच्या शासकीय महासागर खात्याला त्याच वर्षी जाहीर करावे लागले की, जलचर मानवाचा कोणताही पुरावा आजवर आढळलेला नाही. तरीही मे २०१३ मध्ये त्याचा दुसरा भाग निघाला आणि सुमारे ३६ लाख लोकांनी तो पाहिला. ४ ऑगस्ट २०१३ रोजी खुद्द डिस्कव्हरीवर मेगॅलोडॉन नावाचा प्रचंड शार्क मासा अद्याप जिवंत असावा असे सुचवणारा कार्यक्रम झाला. हा मासा पंचवीस लाखांहून अधिक वर्षांपूर्वी नामशेष झालेला आहे. येथेही शास्त्रज्ञ नट होते, आणि खुलाशाची पाटी शेवटी क्षणभर झळकून गेली. सुमारे ४८ लाख लोकांनी तो पाहिला. शास्त्रज्ञांनी व प्रेक्षकांनी पुष्कळ टीका केल्यावर जानेवारी २०१५ मध्ये वाहिनीच्या नव्या प्रमुखांनी असे कार्यक्रम यापुढे होणार नाहीत असे सांगितले. टीकेचा उपयोग होतो, हे ह्यावरून दिसते. परंतु ज्या लाखो मुलांनी तो कार्यक्रम पाहिला त्यांच्यापर्यंत हा खुलासा पोहोचला असेल असे मानण्यास आधार नाही.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. जुने ते सर्व सोने, असा समज करून घेणेही सत्याला धरून होणार नाही. अमेरिकेच्या प्रक्षेपण आयोगाचे अध्यक्ष न्यूटन मिनो ह्यांनी ९ मे १९६१ रोजी तेथील प्रक्षेपकांच्या सभेत दूरचित्रवाणीला विस्तीर्ण ओसाड प्रदेशाची उपमा दिली होती. म्हणजे तक्रार साठ वर्षांहून जुनी आहे. १९५८ साली डिस्ने कंपनीच्या एका निसर्गपटात लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी सामुदायिक आत्महत्या करतात असे दृश्य होते. त्या चित्रपटास माहितीपटाचे ऑस्कर पारितोषिकही मिळाले. पुढे १९८२ मध्ये कॅनडाच्या दूरचित्रवाणीने उघड केले की, ते प्राणी दुसऱ्या प्रांतातून आणले होते व त्यांना कड्यावरून ढकलण्यात आले होते. लेमिंग आत्महत्या करीत नाहीत. परंतु तो गैरसमज आजही जगभर टिकून आहे. पारितोषिक, नाव व कीर्ती ह्यांपैकी काहीही सत्याची हमी देत नाही, हाच ह्याचा बोध.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. ज्या डिस्कव्हरीने मेगॅलोडॉन दाखवला, तिनेच बी. बी. सी. च्या सहकार्याने २००६ साली 'प्लॅनेट अर्थ' ह्या उत्कृष्ट मालिकेच्या निर्मितीत भाग घेतला होता. अमेरिकेत १९६७ च्या कायद्याने सार्वजनिक दूरचित्रवाणीची व्यवस्था झाली आणि तिच्यावर 'नोव्हा' ही विज्ञानमालिका १९७४ पासून अर्धशतकाहून अधिक काळ चालत आली. तिचा खर्च शासकीय साहाय्य, संस्थांच्या देणग्या व प्रेक्षकांची वर्गणी ह्यांतून भागत असल्यामुळे प्रेक्षकसंख्येचा धाक तिला तितकासा नव्हता. परंतु सार्वजनिक पैशाच्या आश्रयालाही स्वतःचे भय असते. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या संसदेने सार्वजनिक प्रक्षेपणासाठी आधी मंजूर केलेले सुमारे ११० कोटी डॉलर काढून घेतले, आणि तो निधी वाटणाऱ्या महामंडळाने पुढच्याच महिन्यात आपले काम आवरते घेत असल्याचे जाहीर केले.

महाराष्ट्रातील शिक्षकांना असे उदाहरण दूर शोधावयास नको. १९८४ मध्ये पुण्यात 'बालचित्रवाणी' ही संस्था सुरू झाली आणि शाळेतील मुलांसाठी मराठीतून कितीतरी कार्यक्रम तिने तयार केले. केंद्राचे अर्थसाहाय्य थांबल्यावर तिचा कारभार अडचणीत आला आणि २०१७ मध्ये ती बंद झाली. बाजाराच्या हाती गेलेली वाहिनी नाव राखून काम सोडते. आश्रय तुटलेली संस्था काम चांगले असूनही मिटते. दोन्ही वाटांनी मुलाच्या वाट्याचे खरे ज्ञान तेवढे कमी होते.

ह्या सर्व विवेचनाचे तात्पर्य असे की, वाहिनीचे नाव हे प्रमाणपत्र नव्हे. विज्ञान, इतिहास वा शिक्षण हे शब्द कोणत्याही वाहिनीला आपल्या नावात घालता येतात आणि आतील माल बदलला तरी पाटी तशीच ठेवता येते. आता तर मुलांच्या हाती मोबाइल आहे. त्यावर वाहिनीचे नावही दिसत नाही. तुकडे तेवढे फिरत असतात. पूर्वी निदान कार्यक्रम संपताना खुलाशाची पाटी येई. दोन मिनिटांच्या तुकड्यात तीही उरत नाही. अशा वेळी मुलाच्या जवळ पारखण्याची काही रीत असली तरच ते तरेल, आणि ती रीत शिकवण्याचे ठिकाण म्हणजे प्राथमिक शाळा.

ही पारख शिकवण्यासाठी नवा विषय नको, नवे पुस्तक नको आणि वेगळा तासही नको. परिसर अभ्यासाच्या तासाला फळ्यावर तीन रकाने आखावेत: 'काय सांगितले', 'कोणी सांगितले' आणि 'कशावरून'. मुलाने टीव्हीवर किंवा मोबाइलवर पाहिलेली एखादी गोष्ट पहिल्या रकान्यात लिहावी. दुसऱ्या रकान्यात सांगणाऱ्याचे नाव व काम लिहावे. तिसऱ्यात पुरावा लिहावा: कोणी मोजले, कोणी डोळ्यांनी पाहिले, कोठे जपून ठेवले आहे. मत्स्यकन्येची गोष्ट अशी मांडली की तिसरा रकाना रिकामा राहतो. तो रिकामा रकाना पाहून मुलास जे समजते, ते शिक्षकाने "हे खोटे आहे" असे दहा वेळा सांगूनही समजणार नाही.

ह्या रीतीचा उपयोग गावातील गोष्टींनाही होतो. मांडुळाला दोन तोंडे असतात व त्याच्यामुळे धनलाभ होतो, असे सांगणारी चित्रणे फिरत असतात. मांडूळ हा बिनविषारी साप. त्याचे शेपूट बोथट असल्यामुळे दुसऱ्या तोंडासारखे दिसते, एवढेच खरे. परंतु ह्या भोळ्या समजुतीपायी त्याची चोरटी विक्री होते, आणि वन्यजीव संरक्षण कायद्याने तो संरक्षित असल्यामुळे पैशाच्या लोभाने त्यात पडलेल्या माणसांवर तुरुंगात जाण्याची पाळी येते. 'कशावरून' हा प्रश्न शाळेत शिकलेला मुलगा घरी वडिलांनाही तो विचारू शकेल. येथे केवळ गुणांचा प्रश्न नाही. कुटुंबाच्या सुरक्षिततेचाही आहे.

इतिहासाच्या बाबतीत वेरूळच्या कैलास लेण्याचे उदाहरण घ्यावे. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण ह्याच्या काळाशी हे लेणे जोडले जाते. अखंड डोंगर वरून खाली कोरत आणून ते घडवले आहे. एवढे मोठे काम माणसाच्या हातून कसे झाले असेल, असा आश्चर्याचा प्रश्न करून त्याचे श्रेय परग्रहावरील प्राण्यांना देण्याचे प्रकार आता फिरणाऱ्या चित्रणांतून दिसतात. असे कार्यक्रम सरळ विधान करीत नाहीत, "असे असू शकेल काय?" एवढेच विचारतात आणि उत्तर ऐकणाऱ्याच्या मनात उतरवून मोकळे होतात. शैक्षणिक सहलीत मुलांना तेथे नेले असता दगडावरील छिन्नीच्या खुणा बोटाने दाखवाव्यात. वेरूळला काही लेणी अपुरी राहिलेली आहेत, तीही दाखवावीत. अपुऱ्या कामावरून कामाची रीत कळते. ज्या अनाम पाथरवटांनी पिढ्यान्पिढ्या छिन्नी चालवून हे उभे केले, त्यांचे श्रेय काढून घेणे हा असत्याबरोबरच अन्यायही आहे, हे मुलांना सहज पटते. कारण त्यांच्यापैकी कित्येकांचे आईबाप हातांनी काम करणारेच असतात.

दूरचित्रवाणीशी वैर धरावे, असा ह्याचा अर्थ मुळीच नाही. २०२० पासून 'पीएम ई-विद्या' योजनेखाली इयत्तावार वाहिन्या चालू झाल्या आहेत, आणि चांगले माहितीपटही पुष्कळ उपलब्ध आहेत. ज्या खेड्यातील मुलाने समुद्र पाहिलेला नाही, त्याला भरती-ओहोटी समजावून देण्यास चित्रासारखे साधन नाही. मात्र कार्यक्रम दाखवण्यापूर्वी शिक्षकाने तो स्वतः संपूर्ण पाहावा. मुलांबरोबर बसून दाखवावा; मध्ये थांबवून "आता पुढे काय होईल, आणि का?" असे विचारावे. प्रत्यक्ष चित्रित केलेले दृश्य कोणते आणि नटांकडून करवून घेतलेले कोणते, हा भेद करावयास लावावा. शेवटची पाटी वाचल्याखेरीज संच बंद करू नये. ह्या सवयी लहान आहेत. परंतु त्या एकदा अंगी बाणल्या की जन्मभर पुरतात.

पालकसभेतही हा विषय मांडण्याजोगा आहे. मूल प्राण्यांची वा इतिहासाची वाहिनी पाहत आहे म्हणजे अभ्यासच करीत आहे, असे समजून पालक निर्धास्त होतात. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. पाटी पाहून दुकानावर विश्वास ठेवण्याची रीत जुनीच आहे. परंतु आठवड्यातून एकदा मुलाजवळ बसून "आज काय पाहिलेस आणि ते खरे कशावरून?" एवढे विचारावे, असे त्यांना सांगता येईल. हे विचारण्यास पालक शिकलेला असण्याची आवश्यकता नाही. शेतात बियाणे घेताना, बाजारात बैल पारखताना तो हाच प्रश्न विचारीत असतो.

शेवटी शिक्षकाने एका गोष्टीची तयारी ठेवली पाहिजे. 'कशावरून' हा प्रश्न शिकलेले मूल तो कधीतरी शिक्षकालाही विचारील, पाठ्यपुस्तकालाही विचारील. तेव्हा त्याला गप्प बसवू नये. उत्तर ठाऊक असल्यास पुराव्यासह द्यावे. नसल्यास "शोधून उद्या सांगतो" असे म्हणावे आणि दुसऱ्या दिवशी खरोखर सांगावे. वाहिन्यांची नावे, मालक व कार्यक्रम बदलत राहतील. पन्नास वर्षांत त्यांचे कसे होत गेले ते वर आलेच आहे. ॲपलेशियनच्या डोंगरात काय की भारतातील २,४०० खेड्यांत काय, यंत्रासमोर जो बसला होता तो शिक्षकच होता. ते यंत्र गेले, तो उपग्रहही निवृत्त झाला. मुलांसमोर शिक्षक मात्र आजही उभा आहे. ह्या केंद्रातील प्रत्येक शाळेने येत्या महिन्यात एकदा तरी फळ्यावर ते तीन रकाने आखावेत आणि मुलांनी काय भरले ते पुढील परिषदेत सर्वांसमोर ठेवावे, एवढीच विनंती आहे.